मुंबईत अझेलिया: कुंडीत वर्षभर जगवायचा आणि पुन्हा फुलवायचा तर

थंडीच्या दोन-तीन महिन्यांत नर्सरीच्या दारात गुलाबी, पांढऱ्या, लालसर फुलांनी गच्च भरलेली बुटकी झाडं मांडलेली असतात. हाच अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉनचा बुटका, बाराही महिने हिरवा राहणारा भाऊबंद. माणसं हौसेनं घरी आणतात, महिनाभर फुलं बघतात, आणि जून उजाडेपर्यंत कुंडीत तपकिरी काड्या उरतात. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मला असे फोटो येतात आणि सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो: "पाणी कमी पडलं का?"

अझेलिया मुळांतून मरतो. पानं ती बातमी तीन-चार आठवडे उशिरा देतात, आणि तोवर बहुतेक वेळा हातातून गेलेलं असतं. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ मुळांवर, म्हणजे कुंडीत भरायचं मिश्रण, पाणी आणि कुंडी बदलण्यावर घालवणार आहे. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. झाड आधी आणून जागा नंतर शोधणं, इथूनच बहुतेकांचं बिनसतं.

आधी एक सांगून ठेवते. हिमालयातला लाल फुलांचा मोठा बुरांश, म्हणजे मोठा ऱ्होडोडेंड्रॉन, किंवा निलगिरीच्या डोंगरांवरचा त्याचा भाऊ मुंबईत लावायच्या फंदात पडू नका. उटी, मुन्नारहून रोप आणून इथे रुजवता येत नाही, रात्रींचा उकाडाच त्याला सोसत नाही. कुंडीतला अझेलिया जमतो, पण त्यालाही डोंगरातल्यासारखा एकदम सगळ्या फांद्यांवर बहर इथे येणार नाही. तसा तो का येत नाही, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

टप्पा १: झाडाआधी जागा

अझेलियाला सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि उरलेला दिवस उजेडाची सावली हवी. म्हणजे पूर्वेची गॅलरी किंवा पूर्वेच्या खिडकीची ग्रिल. उत्तरेची खिडकीही चालते, फुलं थोडी कमी येतील इतकंच. पश्चिमेची गॅलरी असेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट दुपारच्या बाजूला बांधल्याशिवाय झाड आणू नका. मार्चनंतरचं चारचं ऊन पानं भाजून काढतं.

तीन गोष्टी नीट बघा. एक, एसीचा बाहेरचा युनिट जवळ नको. त्याच्या गरम झोतात झाड दोन दिवसांत करपतं. दोन, ग्रिलचा लोखंडी पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, त्यावर कुंडी थेट ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्या किंवा काथ्याची चटई द्या. तीन, समुद्रासमोरच्या इमारतीत राहत असाल तर खाऱ्या वाऱ्यानं पानांची टोकं जळतात. तिथे आडोसा हवा, आणि आठवड्यातून एकदा पानांवर साधं पाणी फवारून ती धुवायला हवीत.

*इशारा:* अझेलियाची पानं, फुलं, अगदी फुलातला मधही विषारी असतो. घरात मांजर, कुत्रा किंवा तोंडात सगळं घालणारं मूल असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर हवी. ते जमणार नसेल तर हे झाड तुमच्या घरासाठी नाही.

टप्पा २: पाण्याची परीक्षा

अझेलियाला आम्ल माती लागते, पीएच (आम्लपणाचं माप) साधारण ५ ते ६. मिश्रण कितीही छान केलं आणि रोज क्षारांचं पाणी घातलं, तर चार-पाच महिन्यांत तो आम्लपणा संपतो. मग नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडत जातो. लोह मातीत असतं, पण आम्लपणा गेल्यावर मुळांना ते उचलता येत नाही.

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतलं, म्हणजे मूळ पावसाचंच. ते बऱ्यापैकी मऊ असतं आणि रात्रभर बादलीत ठेवून घातलं की चालतं. अडचण येते ती सोसायटीच्या बोअरवेलची आणि टँकरच्या पाण्याची. अनेक इमारतींत ही पाणी एकाच टाकीत मिसळली जातात, त्यामुळे नळाला नेमकं काय येतं ते वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारून घ्या. घरच्या घरी ओळखायचं तर नळाचं तोंड आणि गिझर बघा. पांढरा खर धरत असेल, साबणाला फेस कमी येत असेल, तर पाणी जड आहे.

जड पाणी असलेल्यांसाठी मुंबईत दोन चांगले मार्ग आहेत. एक, पावसाचं पाणी. दुसरा मार्ग फार कमी लोक वापरतात: एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि ते सगळ्यात जास्त मिळतं तेही एप्रिल-मेमध्ये, म्हणजे अझेलियाला गरज असते तेव्हाच. नळीखाली डबा ठेवा. एसीची केमिकलनं सफाई झाली असेल तर पुढचे दोन-तीन दिवस ते पाणी टाकून द्या.

*हे करू नका:* आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. इतर झाडांना एक वेळ चालेल, अझेलियाला नाही. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात.

टप्पा ३: झाड निवडताना

फुलांनी पूर्ण उमललेलं झाड घेऊ नका. दोन-चार फुलं उमललेली, थोड्या कळ्यांना रंग चढलेला आणि बाकीच्या मिटलेल्या, असं झाड घ्या. तुमच्या घरी आल्यावरही ते फुलत राहील.

पान उलटं करून बघा. खाली काळे चकचकीत ठिपके आणि वरून पान पांढुरकं, ठिपक्याठिपक्यांचं असेल तर जाळीदार पंखांचे ढेकूण लागलेत, ते झाड ठेवून द्या. मग खोडाला बुडाशी हलकेच धरून हलवा. झाड मातीत डुगडुगत असेल तर मुळं कमी आहेत. शेवटी पिशवी उचला. फुललेलं झाड आणि पिशवी कागदासारखी हलकी, म्हणजे आतला मुळांचा आणि मातीचा गोळा कोरडा पडून बरेच दिवस झालेत.

माझ्या अनुभवात एकेरी पाकळ्यांची, जांभळट गुलाबी, जरा मोठ्या पानांची झाडं मुंबईत जास्त टिकतात. गुलाबासारखी भरगच्च दुहेरी फुलं मोहात पाडतात, पण पहिलं झाड घेत असाल तर एकेरीच घ्या. दरवर्षी भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, त्या सुमारास शहरात फुलझाडांची निवडही जास्त असते.

टप्पा ४: पहिले तीन आठवडे

घरी आणल्याआणल्या कुंडी बदलायची नाही. फुलं असताना मुळांना हात लावला की कळ्या गळतात. खत घालायचं नाही, छाटायचं नाही. एकच काम करायचं: गोळा भिजवायचा.

बादलीत मऊ पाणी घ्या, पिशवीसकट झाड खोडापर्यंत आत बुडवा. बुडबुडे यायला लागतील. ते पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं ते अर्धा तास, तसंच ठेवा. मग वर काढून सगळं पाणी निथळू द्या. नर्सरीवाले दादा "ताई, रोज एक मग घाला" सांगतात, पण पूर्ण सुकलेला पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा) किंवा डोंगरी मातीचा गोळा वरून घातलेलं पाणी पीतच नाही. पाणी कडेनं उतरून खालच्या भोकातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड भिजलं.

फुलं सुकतील तशी देठासकट हलकेच मुरगळून काढत चला. आतल्या बाजूची काही जुनी पानं पिवळी होऊन गळतील, त्याला घाबरू नका. सदाहरित अझेलियालाही काही पानं ठरावीक काळानं टाकायची असतात. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली तरच काळजी करा.

टप्पा ५: कुंडी आणि मिश्रण

हे सामान फुलं संपायच्या आधी तयार ठेवा, कारण मिश्रण मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

कुंडी मातीची, बिनरंगाची. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक आणि वरच्या थरातच पसरणारी असतात, म्हणून उंचीपेक्षा तोंड रुंद असलेली कुंडी घ्या. आताच्या गोळ्यापेक्षा व्यासाला जेमतेम दोन इंच मोठी, त्याहून मोठी नको. "पुढे वाढेलच की" म्हणून बारा-चौदा इंची कुंडी घेतली तर मुळं पोचत नाहीत त्या भागातलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि तिथूनच सड सुरू होते. सिमेंटची कुंडी अजिबात नको, तिच्यातून चुना सुटत राहतो. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते. तीच वापरायची असेल तर मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा आणि मधल्या पोकळीत नारळाचं सोडण ओलं करून भरा.

मिश्रणाचं माप असं:

- ४ भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- ३ भाग पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, ऑर्किडसाठी मिळतात ते. नसतील तर नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून
- २ भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत
- १ भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे)

यात माती नाही, हे बघून अनेकांचा हात अडखळतो. मुंबईत "गार्डन सॉइल" म्हणून पिशवीतून मिळणारी लाल माती कुंडीत दोन पावसांत घट्ट थापून बसते, आणि अझेलियाच्या केसासारख्या मुळांना तिच्यात श्वासच घेता येत नाही. कोकणातली लाल माती आम्ल असते हे खरं, पण इथे अडचण निचऱ्याची आहे.

कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून तीन वेळा धुवा, दर वेळी कपड्यात घट्ट पिळून. त्यात मीठ असू शकतं. पहिल्या पिळण्याचं पाणी चहासारखं गडद येतं, तिसऱ्याला फिकं यायला हवं.

*यातलं काहीही घालू नका:* अंड्याची टरफलं, राख, बोनमील (हाडांचा चुरा), विटांचे तुकडे ज्यांना सिमेंट लागलेलं आहे, कोळसा. हे सगळं मिश्रण अल्कलीकडे नेतं. शेणखत आणि गांडूळखत गुलाबाला ठेवा. ते बहुतेक वेळा आम्ल नसतं, आणि शेणखतात क्षारही बरेच असतात.

*तपासा:* एक भाग मिश्रण आणि दोन भाग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एकत्र ढवळून अर्धा तास ठेवा, गाळा, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पीएचची पट्टी बुडवा. ५ ते ६ मध्ये आलं की पुढे जा. ६.५ च्या वर गेलं तर चिमूटभर गंधकाची पूड मिसळून मिश्रण ओलसर ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा. गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात, ते रातोरात होत नाही. मातीत खुपसायच्या स्वस्त काट्याच्या मीटरवर विसंबू नका.

टप्पा ६: कुंडी बदलणं

वेळ: फुलं संपल्यावर लगेच, फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. एप्रिल-मेमध्ये नाही. तेवढ्यात जमलं नाही तर तो उन्हाळा जुन्या पिशवीतच काढा आणि जूनच्या पहिल्या ढगाळ आठवड्यात करा.

माझं दुसरं झाड याच टप्प्यावर चुकून गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मिश्रण मनासारखं केलं होतं, कुंडी योग्य होती, पाणी मऊ होतं. पिशवी कापली, गोळा जसाच्या तसा उचलून नव्या कुंडीत ठेवला, भोवती मिश्रण भरलं. एप्रिलमध्ये झाड मान टाकू लागलं. मिश्रणात बोट घातलं की ओल लागायची, म्हणून मी पाणी वाढवलं नाही. शेवटी कुंडी उलटी केली. बाहेरचं मिश्रण काळं, ओलसर, हाताला गार. मधला गोळा मात्र पिशवीच्या आकाराचा तसाच, फिकट तपकिरी. बोटांनी चुरला तर तपकिरीच्या डबीतून उडावी तशी धूळ उडाली. एकही नवं मूळ त्या गोळ्याच्या बाहेर आलेलं नव्हतं. झाड पाण्याच्या मधोमध तहानेनं गेलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. आदल्या रात्री गोळा टप्पा ४ प्रमाणे बुडवून भिजवा.

२. पिशवी कापून काढा, झाड खोडाला धरून ओढू नका.

३. गोळ्याच्या बुडाची विणल्यासारखी झालेली मुळं साधारण दोन सेंटिमीटर कापून टाका. धारदार सुरीनं कडेला वरून खाली चार चिरा द्या, सुमारे एक सेंटिमीटर खोल.

४. जेवणाच्या काट्यानं कडेची मुळं हलकेच विंचरून मोकळी करा. गोळा चिकट डोंगरी मातीचा असेल तर नळाच्या बारीक धारेखाली बाहेरची एक तृतीयांश माती धुवून काढा. मुळं तुटतील. थोडी तुटली तर बिघडत नाही, गोळा बंद राहिला तर बिघडतं.

५. कुंडीच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवा. तळाशी खापरांचा जाड थर देऊ नका. त्यानं निचरा वाढत नाही, फक्त मुळांची जागा कमी होते.

६. जुन्या गोळ्याची वरची पातळी नव्या मिश्रणापेक्षा एक सेंटिमीटर वरच राहिली पाहिजे. खोड मिश्रणात बुडलं की सालीला सड लागते. खोल लावणं ही अझेलियाच्या बाबतीतली सगळ्यात महाग चूक आहे, कारण तिचा परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात.

७. मिश्रण बोटांनी हलकं बसवा, थापू नका. दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा पाणी घाला. वर पाइनच्या सालीचा पातळ थर पसरा, खोडापासून दोन बोटं दूर.

८. दोन आठवडे पूर्ण सावलीत ठेवा. महिनाभर खत नाही.

*तपासा:* आठवड्यानं उदबत्ती जळून उरलेली बांबूची काडी जुन्या गोळ्याच्या मध्यात खोचा आणि पंधरा मिनिटांनी काढा. काडीला ओल आणि कण चिकटले तर ठीक. कोरडी निघाली तर कुंडीसकट पुन्हा बादलीत बुडवा. पहिले दोन महिने ही परीक्षा दर आठवड्याला करा.

जमिनीत लावायची सोय असेल, म्हणजे वसईचा वाडा, अलिबागचं घर किंवा तळमजल्याची बाग, तर मातीत खड्डा न करता जमिनीवरच फूटभर उंचीचा उंचवटा याच मिश्रणाचा करून त्यावर लावा. भिंतीपासून तीन फूट दूर. सोसायटीच्या आवारातल्या जमिनीत बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो, भिंतीलगत तर हमखास, आणि सिमेंटचा चुना अझेलियाला सोसत नाही.

टप्पा ७: छाटणी आणि खत

छाटणी कुंडी बदलतानाच करा. लांब, उघड्या फांद्या एक तृतीयांश कमी करा. जुन्या लाकडातूनही फुटवे येतात, त्यामुळे कचरू नका. मग नवे फुटवे दोन-तीन इंचांचे झाले की त्यांची टोकं नखानं खुडा, झाड घनदाट होतं. हे खुडणं जूनअखेर थांबवायचं. जुलैनंतर कात्री लावलीत तर पुढच्या थंडीतली फुलंच कापलीत असं समजा, कारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्यांवर कळ्या धरायला लागतात. "झाड निरोगी आहे, पण फूल नाही" अशा तक्रारीचं मूळ बहुधा गणपतीच्या आधी केलेल्या साफसफाईत सापडतं.

खत थोडं आणि पातळ. एक लिटर पाण्यात पाव चमचा अमोनियम सल्फेट, म्हणजे साधारण एक ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, आधी साध्या पाण्यानं कुंडी भिजवून मगच. ते आम्लपणाही टिकवतं. एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत, मग उन्हाळ्याच्या कडाक्यात थांबा, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा. ऑगस्टनंतर बंद.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आधी पाण्याचा आणि मिश्रणाचा पीएच तपासा. मग चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या मापानं द्या. हिराकस (लोहाचं सल्फेट) हीसुद्धा चालते, पण फरशीवर आणि कपड्यांवर तिचे गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. एप्सम सॉल्टनं ही पिवळी पानं सुधारत नाहीत, त्यात लोह नसतं.

आम्लपणासाठी ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर ओतायचे सल्ले फिरत असतात. ताकानं बुरशी आणि वास येतो. लिंबू-व्हिनेगरचा परिणाम थोडे दिवस टिकतो, आणि जास्त झालं तर मुळं भाजतात. उकळलेल्या कॉफीचा चोथा जवळजवळ आम्लरहित असतो, वर थर झाला की घट्ट पापुद्रा धरतो आणि पाणी आत जाऊ देत नाही.

टप्पा ८: एप्रिल-मे

या दोन महिन्यांत उद्देश एकच, मुळं गार आणि ओलसर ठेवणं. पाणी सकाळी सातच्या आत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, वरचं एक पेर सुकलं असेल तर भरपूर पाणी घाला. दोन-तीन आठवड्यांत कुंडी उचलून वजनावरूनच कळायला लागतं, आणि ती परीक्षा बोटापेक्षा भरवशाची आहे.

दुपारी पानं जरा मलूल दिसली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर काही करू नका. सकाळीच मलूल असतील तर बघा: मिश्रण कोरडं असेल तर बुडवून भिजवा, ओलं असेल तर पाणी घालू नका. ओल्या मिश्रणात मान टाकलेलं झाड म्हणजे मुळं सडताहेत.

याच दिवसांत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड लागते. पानाखाली बारीक धूळ आणि जाळं दिसतं. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याची बारीक धार मारत राहिलात तर आठवड्यात आटोक्यात येते. टप्पा ३ मधले ढेकूण असतील तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी आणि पानांच्या खालूनच.

टप्पा ९: पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाचं पाणी मऊ, म्हणून अझेलियाला आवडतं. पण सलग चार दिवसांची झड कुंडीवर बसली की मिश्रणातली हवा संपते आणि मूळसडीची बुरशी पसरते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच हे करा: कुंडी छपराखाली घ्या, खालची ताटली काढून टाका (त्यात डासांच्या अळ्याही होतात), कुंडी दोन विटांवर किंवा पायांवर उचला आणि भोक मोकळं आहे का ते काडीनं बघा. पाऊस उघडला की दिवसभर बाहेर ठेवायला हरकत नाही. ट्रायकोडर्मा (मूळसडीच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी मिसळा. सड लागल्यावर ती झाडाला परत आणत नाही.

शंका आली तर बुडाशी साल नखानं खरवडा. आत हिरवं किंवा पांढरट असेल तर जीव आहे, तपकिरी असेल तर तो भाग गेला. मग कुंडी उलटी करून मुळं बघा. काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निसटणारी मुळं कापा, नव्या कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावा, वरच्या फांद्या-पानांचा भार छाटून अर्धा करा. वाचण्याची शक्यता कमीच असते, खोटी आशा दाखवत नाही.

म्हणूनच पावसाळ्यात कलमं करून ठेवा. यंदाच्या फुटव्यांचे तीन-चार इंची तुकडे, काडी वाकवली तर कट्कन मोडण्याइतपत पक्की झालेली. खालची पानं काढा, शेंडा खुडा, कोकोपीट आणि परलाइट समप्रमाणात घेऊन त्यात खोचा, वरून पारदर्शक पिशवी. जुलैच्या दमट हवेत दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. सहा खोचली तर दोन-तीन लागतात, माझा हिशोब तेवढाच राहिला आहे.

टप्पा १०: ऑक्टोबर ते फेब्रुवारी

ऑक्टोबरची काहिली म्हणजे छोटा उन्हाळाच. पावसाळ्यात सवय मोडलेली असते, पाणी द्यायचं विसरतो, आणि नेमक्या तेव्हाच फांद्यांच्या टोकांवर टपोऱ्या कळ्या धरलेल्या असतात. एकदा जरी गोळा पूर्ण सुकला तर त्या कळ्या तपकिरी होऊन तिथेच वाळतात. टप्पा ८ चा पाण्याचा नियम पुन्हा सुरू करा.

नोव्हेंबरपासून एक काम रोज पाच मिनिटांचं आहे आणि मुंबईत फुलं येणं-न येणं बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. कळ्या धरल्यावर अझेलियाला महिना-दीड महिना १० अंशांच्या खालची थंडी मिळाली की तो एकदम फुलतो. मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १६-१७ अंशांवर असतो. थंडीची खूण न मिळाल्यानं झाड वाढतच राहतं आणि प्रत्येक कळीच्या बुडातून दोन-तीन हिरवे फुटवे निघतात. ते कळीला वळसा घालून पुढे जातात, तिचं अन्न ओढतात, आणि कळी आतल्या आत सुकते. फांदीचं टोक डोळ्यांजवळ धरा. मध्ये टपोरी, खवल्यांची कळी आणि तिच्या गळ्याशी तांदळाच्या दाण्याएवढे टोकदार हिरवे अंकुर दिसतील. कळीला धक्का न लावता ते अंकुर बाजूला दाबून मोडा. अर्धा इंच होईपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

झाड रात्री उघड्यावर, पूर्व किंवा उत्तर बाजूला ठेवा, घरात घेऊ नका. जो काही गारवा मिळेल तो त्याला मिळू द्या. कर्जत, बदलापूरकडे रात्री जास्त गार होतात. तिकडे नातेवाईक असतील तर डिसेंबर-जानेवारीत कुंडी तिथे ठेवून बघा. कुलाब्यात समुद्रामुळे तेवढंही मिळत नाही, तिथल्यांनी अंकुर मोडण्याचं काम अजिबात चुकवू नये.

खत बंदच. पाणी थोडं लांबवा, पण गोळा सुकू देऊ नका.

फुलं येतील ती चार-चार, पाच-पाच, दीड-दोन महिने पसरून. नर्सरीतून आणलं तेव्हाचा भरगच्च बहर थंड हवेत तयार झाला होता, त्याच्याशी तुलना करू नका. पहिली कळी रंगली की झाड जिथे आहे तिथेच राहू द्या, जागा बदलली की उरलेल्या कळ्या गळतात. सुकलेली फुलं देठासकट काढत चला. शेवटचं फूल गेलं की त्याच आठवड्यात कात्री काढा आणि टप्पा ७ ची छाटणी करून टाका. कुंडी मात्र दर वर्षी बदलायची नाही, दोन वर्षांनी मिश्रण बसून खाली गेलं की टप्पा ५ पासून सुरुवात करा.